‘राहू दे काका’

कोल्हापूर,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. बाळास,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेच्या रात्री तू आम्हा दोघांना समोर बसवून पुण्याची नोकरी सोडण्याचा आणि जिग-फिक्स्चरच्या, म्हणजे मशीनवर भाग घट्ट धरणाऱ्या साधनांच्या, डिझाइनचे काम स्वतंत्रपणे करण्याचा बेत सांगितलास, तेव्हा तुझ्या बाबांनी ‘कर’ एवढा एकच शब्द उच्चारला आणि मी काहीच बोलले नाही. माझे गप्प राहणे तुला विरोधासारखे वाटले, हे परवा सूनबाईच्या फोनवरून कळले. तो विरोध नव्हता. दोनच दिवस आधी आपल्या ओसरीवर घडलेली एक लहानशी गोष्ट माझ्या मनात घोळत होती, आणि ती नीट मांडता येईपर्यंत बोलू नये असे मला वाटले. फोनवर आपण दोघे एकमेकांचे वाक्य पुरे होऊ देत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या कारखान्याच्या शेडसमोरचे काका लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पेढे घेऊन आले होते, ते तुला आठवत असेल. त्यांच्या व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, पातळ भिंतीचे एक हाउसिंग, यंत्राचे पोकळ कवच, तयार होत होते. मशीनवर असेपर्यंत बोअर, म्हणजे आतले गोल भोक, अगदी मापात, आणि क्लॅम्पची पकड सोडली की अंडाकृती. दोन महिने त्यांचा माल त्यामुळे परत येत होता. तू सुट्टीतल्या दोन रात्री लॅपटॉपवर बसून त्यांचे फिक्स्चर नव्याने काढून दिलेस, क्लॅम्पचा दाब आधाराच्या बरोबर वर येईल अशी रचना केलीस, आणि पहिल्याच दिवशी त्यांचे पाच नग पास झाले. काकांनी पेढ्यांचा पुडा तुझ्या हातात ठेवला आणि विचारले, ‘‘किती द्यायचे रे?’’ तू म्हणालास, ‘‘राहू दे काका, त्यात काय एवढं.’’ ते हसले, दोन चकल्या खाल्ल्या आणि गेले. मी स्वयंपाकघरात करंज्या डब्यात भरत होते. तुझ्या कामाचा मला अभिमान वाटला, आणि तुझ्या त्या तीन शब्दांनी माझ्या पोटात गोळा आला.

त्या दिवशी ते शेजारी म्हणून आले होते आणि तू नोकरदार होतास, त्यामुळे तुझे चुकले असे मी म्हणणार नाही; शिवाय नोकरीत असताना बाहेरचे पैसे घेण्यास तुझ्या नेमणूकपत्रात मनाई असणारच. पण तुझ्या मनात हा हिशेब त्या क्षणी नव्हता. मी तुझा चेहरा पाहिला. तुला लाज वाटली.

गेली अठ्ठावीस वर्षे मी आपल्या कारखान्याची वही लिहिते आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वसुलीचे फोन करते आहे. त्या अनुभवावरून नोकरी आणि स्वतःचा धंदा यांतला मला दिसलेला फरक सांगते. लोक म्हणतात की एकात सुरक्षितता असते आणि दुसऱ्यात स्वातंत्र्य. मला तो फरक एवढा मोठा कधीच वाटला नाही, कारण सुरक्षित नोकऱ्या गेलेल्या आणि मालक असून बांधले गेलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक मी उद्यमनगरात पुष्कळ पाहिले. खरा फरक असा आहे की पगार हा न मागता मिळणारा पैसा असतो. महिन्याच्या अखेरीस तो खात्यात येतो. त्यासाठी कोणाकडे पाहून घसा साफ करावा लागत नाही. धंद्यात प्रत्येक रुपया दोनदा मागावा लागतो. एकदा दर सांगताना, आणि काम झाल्यावर पुन्हा एकदा, तो प्रत्यक्ष हातात पडण्यासाठी. पहिल्या वेळी समोरचा माणूस ‘जास्त होतात’ म्हणतो आणि दुसऱ्या वेळी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो. आणि दोन्ही वेळा आपण हसतमुख राहायचे असते, कारण पुढचे कामही त्याच माणसाकडून यायचे असते.

आता यात माझा दोष कुठे आहे ते लिहिते. १९९७ साली तुझ्या बाबांनी पंपांच्या कारखान्यातली टर्नरची नोकरी सोडली तेव्हा तू एक वर्षाचा होतास. राजीनामा देऊन आल्यावर रात्री जेवताना त्यांनी मला ते सांगितले. त्याआधी विचारले नव्हते. एक जुना लेथ, भाड्याची अर्धी शेड आणि जुन्या साहेबांनी तोंडी दिलेले जॉबवर्कचे आश्वासन, एवढ्यावर सुरुवात झाली. त्यांचा हात उत्तम होता, आजही आहे. शंभर नगांत दोन नग मापाबाहेर गेले तर त्यांना रात्री झोप लागत नाही. पण पैशाचे नाव काढायचे म्हटले की ते बूट घालून शेडच्या मागे जाऊन उभे राहत. सहा महिन्यांत आमची अशी स्थिती झाली की वहीत येणे बाजूला एक्केचाळीस हजार होते आणि घरात रॉकेलला पैसे नव्हते. मी बी.कॉम. झालेली होते आणि लग्नानंतर त्या शिक्षणाचा उपयोग फक्त दूधवाल्याच्या हिशेबाला होत होता. त्या आठवड्यात मी वही माझ्याकडे घेतली.

२००३ साली, तू दुसरीत असताना, एक दिवस मी तुला शाळा बुडवून एसटीने मिरजेच्या पलीकडे एका कारखान्यात घेऊन गेले होते. तुला त्यातले काय आठवते मला ठाऊक नाही. त्या कारखान्याकडे आपली सात महिन्यांची बिले अडकली होती आणि घरी तुला सांभाळायला कोणी नव्हते. हिशेब विभागाच्या बाहेर एका बाकावर आपण सकाळी साडेदहापासून बसलो. आधी साहेब मीटिंगमध्ये होते, मग जेवायला गेले, मग चेक तयार होता पण सही करणारे दुसरे साहेब पुण्याला गेले होते. दुपारी तिथल्या एका बाईंनी चहाबरोबर बिस्किटे आणली आणि तू तिकडे हात पुढे केलास. मी तुझा हात दाबला आणि कानात म्हणाले, ‘‘मागायचं नाही.’’ तू हात मागे घेतलास आणि संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा मागितले नाहीस. पाच वाजता चौदा हजारांचा चेक घेऊन आपण निघालो; बाकीचे पैसे यायला आणखी दीड वर्ष लागले.

परतीच्या गाडीत तू माझ्या मांडीवर झोपला होतास, आणि दिवसभर मी नेमके काय केले हे मला तेव्हा उमगले. मी स्वतः मागायला आले होते आणि माझ्या मुलाला न मागण्याचे शिकवीत होते. पण पुढेही मी तेच शिकवले. पाहुण्यांनी खाऊ दिला तर ‘नको’ म्हणायचे, कोणी पैसे हातावर ठेवले तर आईकडे पाहायचे, परीक्षेत गुण कमी पडले तरी मास्तरांना विचारायला जायचे नाही. आपल्यासारख्या घरांत यालाच वळण म्हणतात. त्या वळणाचा मुलगा चांगला नोकरदार होतो, आणि तू झालासही. सहा वर्षांत तू एकदाही पगारवाढ मागितली नाहीस, मिळाली तेवढी घेतलीस, हे तूच मला सांगितले आहेस आणि सांगताना तुझ्या आवाजात थोडा अभिमान होता. स्वतंत्र काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट परवडत नाही.

म्हणून तुझ्या बेताबद्दल मला जो एकच प्रश्न विचारायचा आहे, तो तुझ्या कौशल्याचा नाही. कौशल्य काकांच्या मशीनवर सिद्ध झाले. भोसरी, चाकण, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या लहान कारखान्यांना डिझायनर पगारावर ठेवणे झेपत नाही आणि फिक्स्चरवाचून त्यांचे चालत नाही, हा तुझा अंदाजही बरोबर आहे; मी रोज तेच पाहते. प्रश्न असा की काकांना, ज्यांच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसून तू शाळेत गेलास, त्यांना तू आकडा सांगू शकशील का?

आकडा काढायचा कसा, ते मात्र मी तुला शिकवू शकते. तुझ्या हातात महिन्याला पंच्याऐंशी हजार येतात, म्हणजे वर्षाला १०,२०,००० रुपये. भविष्यनिर्वाह निधीतला तुझा आणि कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, आरोग्य विमा हे धरून आणखी सुमारे दोन लाख कंपनी तुझ्या नावाने बाजूला टाकते, जे तुला दिसत नाहीत. सॉफ्टवेअरचा परवाना, चांगला संगणक, वीज, इंटरनेट, कारखान्यांच्या फेऱ्या आणि सीएची फी यांचे मी तीन लाख धरते. एकूण १५,२०,००० झाले, आणि आयकर त्याहून वेगळा. आता दिवस मोज. रविवार, सण, आजारपण आणि लग्नकार्ये वजा जाता वर्षात कामाचे २४० दिवस हाती लागतात. त्यांतला तिसरा हिस्सा नवे काम शोधण्यात, कोटेशन देण्यात, फुकटच्या दुरुस्त्यांत आणि वसुलीत जातो. हे मी अंदाजाने लिहीत नाही, आपल्या वह्या काढून दाखवीन. उरले १६० दिवस. भागाकार केलास तर दिवसाला ९,५०० रुपये येतात, आणि तेवढे मिळाले तरी तू आज जिथे आहेस तिथेच राहतोस. काकांच्या फिक्स्चरला तुझ्या दोन रात्री गेल्या, म्हणजे निदान दीड दिवसाचे काम. ‘राहू दे काका’ची किंमत चौदा हजारांच्या वर जाते.

तुझे बाबा हा हिशेब वाचून म्हणाले की एवढा दर कोल्हापुरात कोणी देणार नाही. कदाचित खरे असेल. मग कमी दराने अधिक दिवस काम करावे लागेल, किंवा पुण्याचे काम कोल्हापुरात बसून करावे लागेल, किंवा दिवसावर दर न लावता नगावर लावावा लागेल, ज्यात हात जलद झाला की फायदा तुझा होतो. हे सगळे मार्ग चालतात. आकडा माहीत असूनही ठरवून कमी घ्यावा, त्यालाही माझी हरकत नाही. आकडाच न काढता संकोचाने कमी घेणाऱ्यांच्या शेडवर मात्र मी बँकेच्या नोटिसा चिकटलेल्या पाहिल्या आहेत.

दुसऱ्या मागण्याविषयी, म्हणजे वसुलीविषयी, कायदा तुझ्या बाजूने आहे, हे आधी सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, नोकरी सुटताच करून घे. ती फुकट होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाकडे जाऊ नकोस. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदाराने तुझ्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात. ती मुदत ४५ दिवसांपेक्षा मोठी ठेवता येत नाही, आणि असा करारच नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. न दिल्यास अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाता येते. कागदावर इतका चांगला कायदा क्वचितच असतो. पण अठ्ठावीस वर्षांत आम्ही तिथे एकदाच गेलो, आणि तेही त्या ग्राहकाचे काम कायमचे बंद झाल्यानंतर, कारण ज्याच्याकडून उद्या काम हवे आहे त्याच्यावर आज तक्रार करण्याची हिंमत कोणी करत नाही आणि खरेदीदारालाही हे पक्के ठाऊक असते. आयकराच्या तरतुदीने मात्र थोडा फरक पडला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला हिशेबात धरता येत नाही, असा नियम २०२३-२४ च्या हिशेबांपासून लागू झाला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये आयुष्यात पहिल्यांदा एका ग्राहकाच्या हिशेबनिसाने स्वतःहून मला फोन करून बँक खाते विचारले. मी फोन ठेवून तुझ्या बाबांना हाक मारली. त्यांना वाटले कोणी गेले की काय.

कायदा हाताशी ठेव, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. माझ्या पद्धती साध्या आहेत. काम सुरू करण्याआधी पीओ, म्हणजे खरेदीची रीतसर ऑर्डर, किंवा निदान लेखी होकार घ्यावा, नव्या ग्राहकाकडून अर्धे पैसे आगाऊ घ्यावेत, आणि डिझाइनचे काम असल्यामुळे अंतिम ड्रॉइंग उरलेले पैसे आल्यावरच पाठवावे. ही शेवटची सोय आम्हाला कधीच नव्हती. आमचा माल त्यांच्या गेटच्या आत गेला की आमचे हात रिकामे. बिल त्याच दिवशी पाठवावे, आणि मुदतीच्या तीन दिवस आधी फोन करावा, मुदत संपल्यावर करू नये. आधी केलेला फोन आठवण असतो आणि नंतर केलेला भांडण असतो. फोन नेहमी सकाळी करावा. आणि ‘अडचण आहे’ असे कधी म्हणू नये. ज्याला आपली अडचण कळली, तो दर पाडून मागतो.

तू म्हणालास की स्वतःचा मालक स्वतः व्हायचे आहे. हे वाक्य मला तितकेसे पटले नाही. आपल्याकडे कोणी धंद्यात पडायचे म्हटले की सत्कार-समारंभात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण हमखास दिले जाते. मुंबईत शिकवण्याची नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, पुढे लोखंडी नांगर केला, आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. उदाहरण खरे आहे आणि मोठे आहे. पण लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात आणि ते पहिले नांगर खपायलाच दोन वर्षे गेली, हा भाग भाषणात घाईने उरकला जातो. त्या दोन वर्षांत घरातल्या बाईने वाण्याला काय सांगितले असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. मालक वगैरे कोणी होत नाही, बाळा. एका साहेबाऐवजी आठ साहेब होतात आणि त्यांतले तिघे रविवारी फोन करतात.

तरीही तुझ्या बाबांनी ‘कर’ म्हटले ते मला समजते, आणि त्यामागचा दिवसही मला माहीत आहे. २०११ मध्ये एक ग्राहक आपले निम्मे काम देत होता. दर वर्षी तो दर पाडायचा, आणि एकदा त्याच्याच कास्टिंगमधल्या, म्हणजे ओतीव भागातल्या, पोकळीमुळे नापास झालेल्या मालाची डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापण्याची चिठ्ठी, त्याने आमच्या नावावर काढली. तुझे बाबा ती नोट खिशात घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेले, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून पैशाचे बोलायला गेले, आणि त्यांनी त्याला सांगितले की उद्यापासून तुमचा माल आम्ही घेणार नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत, मीही जेवले नाही. पुढचे दहा महिने आपण फार ओढगस्तीत काढले. तुझ्या क्लासची फी मी दोन हप्त्यांत भरली, ते तुला तेव्हा सांगितले नव्हते. पण त्या दिवशी घरी येताना त्यांची चाल वेगळी होती. पंपांच्या कारखान्यात तेरा वर्षे काम करताना त्यांना जे कधीच म्हणता आले नसते, ते ‘नाही’ त्यांनी म्हटले होते. नोकरीतही राजीनामा देता येतो, पण तो एकदाच आणि सगळाच द्यावा लागतो. धंद्यात एकाला नाही म्हणून उरलेल्या सातांचे काम करत राहता येते. तू ज्याला मालक होणे म्हणतोस ते मला आजवर एवढ्याच रूपात दिसले, आणि तेही मागता यायला लागल्यानंतरच. ज्याला दर मागता येत नाही त्याला नकारही देता येत नाही, कारण त्याच्या गाठीला नकारापुरते पैसेच कधी साठत नाहीत.

नोकरीला मात्र नावे ठेवून तिच्यातून बाहेर पडू नकोस. २०१९ च्या जुलैअखेरीस तुझा पहिला पगार जमा झाल्याचा फोन आला आणि पुढच्याच आठवड्यात पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, फाउंड्रीतून कास्टिंग येईना, तयार माल बाहेर जाईना, आणि तरीही शनिवारी चार कामगारांना पूर्ण पगार द्यायचा होता, कारण पूर त्यांच्याही घरात होता. तेव्हा तू न विचारता वीस हजार पाठवलेस. पुढच्या वर्षी टाळेबंदीत शेडला कुलूप असताना या घराचे वाणसामान तुझ्या पगारावर आले. आपल्या कारखान्याला त्या दोन वर्षांत ज्याने तारले तो पैसा एका कंपनीच्या पगारखात्यातून आला होता, हे तुझ्या बाबांनाही मी अधूनमधून ऐकवते. तू बाहेर पडलास की या घरात तसा पैसा आणणारी एकटी सूनबाई उरेल.

म्हणून निघण्याआधीच्या काही गोष्टी. तुझी सहा वर्षे आणि चार महिने झाले आहेत. ग्रॅच्युइटीला पाच वर्षे लागतात, ती झाली; आणि शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक काम झाले तर ते पूर्ण वर्ष धरतात. तुझा नोटीसकाळ तीन महिन्यांचा असल्याने सात वर्षांची रक्कम बसते. ती मागून घे. माणसे जाताना मागत नाहीत. भविष्यनिर्वाह निधीला हात लावू नकोस, कितीही निकड वाटली तरी. निवृत्तिवेतनाच्या योजनेत दहा वर्षे पुरी होत नाहीत, तेव्हा ते पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेऊन ठेव, म्हणजे पुढेमागे पुन्हा नोकरी धरलीस तर ही वर्षे मोजली जातील. कंपनीच्या आरोग्य विम्यात आम्हा दोघांची नावे आहेत आणि बाबांना मधुमेह आहे. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी काही वर्षे थांबावे लागते, म्हणून नोकरी असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का ते विचार. घराचे कर्ज काढायचे मनात असेल तर आताच ठरवा, कारण धंदा करणाऱ्याला बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. सेवेच्या कामाला वर्षाला वीस लाखांपर्यंत जीएसटीची सक्ती नाही, पण मोठे कारखाने नंबर मागतील. ते सीएला विचारून ठरव. धंद्याचे खाते वेगळे काढ आणि त्यातून दर महिन्याला स्वतःला ठरलेला पगार दे, चांगल्या महिन्यात जास्त नाही आणि वाईट महिन्यात कमी नाही. आम्हाला ही अक्कल नऊ वर्षांनी आली.

आणि सूनबाईला नीट विचार. ‘सांगितले आहे’ असे तू मला म्हणालास. सांगणे आणि विचारणे यांतला फरक मला १९९७ पासून माहीत आहे. पहिले दीड वर्ष घर तिच्या पगारावर चालेल, तिला तिच्या नोकरीतला कंटाळा तेवढे दिवस गिळावा लागेल, आणि माहेरी कोणी ‘जावई काय करतात’ विचारले तर उत्तर तिला द्यावे लागेल. हे सगळे तिच्यासमोर आकड्यांसकट मांड आणि तिच्याकडे ते दीड वर्ष माग. तिने एक वर्ष म्हटले तर एक वर्ष.

काल समोरचे काका पुन्हा आले होते. त्यांच्या फिक्स्चरवर आता दिवसाला बावीस नग निघतात. त्यांना आणखी दोन हाउसिंगची फिक्स्चर करून हवी आहेत आणि घाई नाही, मार्चपर्यंत चालेल, असे ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की तो नोकरीतून मोकळा झाला की करून देईल आणि त्याआधी रीतसर कोटेशन पाठवील. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘वहिनी, घरचाच पोरगा की.’’ मी त्यांना चहा दिला. दर विचारला, तेव्हा मी सांगितले नाही, तो तुझ्याकडून कळेल एवढेच म्हटले. ते कोटेशनची वाट पाहत आहेत.

तुझी,
आई

ता. क. कोटेशनमध्ये अर्धे पैसे आगाऊ आणि उरलेले ड्रॉइंग देण्यापूर्वी, असे स्पष्ट लिही. पेढे वेगळे धरू नकोस.